दुकानही त्यांचे, पंचही त्यांचाच

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि सगळी चर्चा पैसे लावून खेळायच्या ॲप्सवरच झाली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यतेची वाट मोकळी केली, ते मागेच पडले. संगणकाला स्टिअरिंग आणि पेडल जोडून मोटारशर्यत खेळणाऱ्या सिम रेसिंगच्या पोरांसाठी खरी बातमी हीच आहे. खेळ म्हटला की पंच आला, आणि इथे घोडे पंचापाशीच अडते.

नागपूर जिल्ह्यातल्या कुही, मांढळ, वेलतूरकडच्या माणसाला शर्यतीची शिस्त काय असते हे सांगायला नको. शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीवर, २०१४मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. आता पट भरवायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि बैलाला मारता येत नाही. म्हणजे नियम सरकारचे, पट गावाचा, जोडी शेतकऱ्याची. निकाल पटला नाही, तर जोडी हाकणारा धुरकरी तिथल्या तिथे पंचांना जाब विचारतो.

सिम रेसिंगच्या आयरेसिंग या २००८पासून चालणाऱ्या खेळात या सगळ्या जागी एकच कंपनी आहे. तिची शिस्त मात्र मला मनापासून आवडते. खेळायचे ते खऱ्या नावाने. सुरुवात रूकी परवान्यापासून, मग डी, सी, बी, ए. ट्रॅक सोडला की एक दोषांक, ताबा सुटला की दोन, जोराची धडक बसली की चार. चूक कोणाची, हे यंत्र बघतच नाही. ठोकणाऱ्याला चार, ठोकले गेलेल्यालाही चार. नवख्याला हा अन्याय वाटतो. पण याच धाकाने माणूस पुढच्या गाडीपासून अंतर राखायला शिकतो.

मुद्दाम ठोकणाऱ्याविरुद्ध चित्रफीत जोडून तक्रार करता येते आणि ती माणसे तपासतात. मात्र समोरच्याला काय शिक्षा झाली, हे तक्रारदाराला कळत नाही. हे मला मान्य नाही. वर्गणी भरलेली असते, एकेका गाडीचे साधारण बारा डॉलर वेगळे मोजलेले असतात. अशा खेळाडूला निर्णय कारणासह मिळायलाच हवा. आणि ज्या कंपनीला वर्गणीदार टिकवायचा आहे, तिनेच त्याला बाहेर काढायचे, तर अपील ऐकायला कंपनीबाहेरचा माणूस हवा.

आयोजकांचे दोष तर कोणाच्याच परवान्यावर चढत नाहीत. आयरेसिंगबाहेरच्या, जानेवारी २०२३च्या आभासी ल मान्स शर्यतीत सर्व्हरने दगा दिला आणि शर्यत दोनदा थांबवावी लागली. आघाडीवर असलेल्या मॅक्स व्हर्स्टॅपेनची जोडणी तुटली, तेव्हा त्याने आयोजकांवर उघड संताप काढला. फॉर्म्युला वनचा जगज्जेता असल्याने त्याचे बोलणे जगभर पोहोचले. कुहीतल्या पोराची शर्यत अशीच बुडाली तर त्याने कोणाकडे जायचे?

नव्या कायद्यात प्राधिकरणाची तरतूद आहे आणि खेळाडूंच्या तक्रारींची दखल घेणे हे त्याचे काम आहे. ई-स्पोर्ट्सची नोंदणी करतानाच त्याने आयोजकाकडून लिहून घ्यावे: तक्रार मराठीतही घेऊ, ठरलेल्या मुदतीत कारणासह उत्तर देऊ आणि सर्व्हर आमचा पडला तर प्रवेश शुल्क परत करू.