मूल बोलायला कुठे शिकते?

लहान मूल जेवत नाही, म्हणून आई त्याच्यापुढे मोबाइल धरते. चित्रे हलतात, गाणे वाजते. मूल आ करते, आई घास भरवते. दहा मिनिटांत वाटी रिकामी होते. मुलाचे पोट भरले, आईचे कामही उरकले. मग यात वावगे काय?

वावगे एवढेच, की त्या दहा मिनिटांत कोणी कोणाशी बोलले नाही.

मोबाइल नव्हता तेव्हाही मुले जेवताना त्रास देतच होती. आई मुलाला कडेवर घेऊन अंगणात जायची. काऊचा घास, चिऊचा घास करीत भरवायची. "काऊ कुठाय रे?" असे विचारले, की मूल बोट दाखवायचे. "उडाला," आई म्हणायची. "उदाला," मूल म्हणायचे. आई हसून पुन्हा नीट म्हणायची. शब्द असाच शिकला जातो. ही देवघेव आहे. मोबाइल पुष्कळ बोलतो; पण मुलाने बोट दाखवले ते त्याला दिसत नाही, आणि उत्तरासाठी तो थांबतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याविषयी सल्ला दिला आहे. एक वर्षाच्या मुलाला टीव्ही, मोबाइल दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासापेक्षा जास्त दाखवू नये. कमी तितके बरे. (आजोबांसाठी असा काही नियम केलेला नाही. करायला हवा, असे आम्हांला कधी कधी वाटते.)

"गुरुजी, आम्ही अडाणी माणसं. पोराला आम्ही काय शिकवणार? शाळा शिकवील की!" हे आम्ही जन्मभर ऐकत आलो. पण मूल पहिलीत येते ते सहा वर्षांचे होऊन. तोवर त्याची बोली घरातच तयार झालेली असते. बापाबरोबर शेतात हिंडलेले मूल 'नां-ग-र' अशी अक्षरे जुळवते आणि त्याचा चेहरा खुलतो. अरे, हा तर आपला नांगर! ज्याने तो शब्द कधी ऐकलाच नाही, त्याला अक्षरे जुळवूनही काही हाती लागत नाही. तुम्ही आता वाचायला शिकता आहात, तेव्हा हे तुम्हांला निराळे सांगायला नको. ओळखीचा शब्द लवकर वाचता येतो.

घरातल्या साध्या वस्तूंचा शिकण्याला किती उपयोग होतो, हे ताराबाई मोडक यांनी दाखवून दिले. १९४५ साली त्यांनी बोर्डीला, आजच्या पालघर जिल्ह्यात, खेड्यातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. मुले शाळेकडे येईनात, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. महागडी खेळणी कुठून आणणार? पाने, बिया, शिंपले, खडे हेच सामान. पुढे १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली.

आईला दोष देणे सोपे आहे. मजुरी, पाणी, चूल, सगळे तिच्याच माथी. घरात दुसरे माणूस नाही. मोबाइल दिला की मूल गप्प बसते, तिला घटकाभर उसंत मिळते. तर मग बापाने मुलाला घेऊन बसावे. नाहीच जमले, तर भाकरी करताना पिठाचा छोटा गोळा मुलाच्या हाती द्यावा आणि बोलत राहावे. गोल झाली, चपटी झाली, तवा तापला, हात लावू नको. मूल विचारील, "पाऊस कुठनं येतो?" ठाऊक नसेल तर "उद्या बाईंना विचारू" म्हणावे, आणि खरोखरच विचारावे.

सवय लागलेल्या मुलाचा मोबाइल काढला, की ते तीन-चार दिवस रडेल. एखाद्या वेळी दोन घास कमी खाईल. भूक लागली की मागून खाईल.

बाप परगावी कामाला असेल आणि मूल मोबाइलवर त्याच्याशी बोलत असेल, तर मात्र खुशाल बोलू द्यावे. तिथे पलीकडे माणूस आहे, आणि तो उत्तर देतो.