आकृती एकीची, तपशील दुसरीचा

बंगळूर शहराच्या पूर्वेकडे इंदिरानगर नावाची वसाहत आहे. शंभर फुटी रस्ता, त्याला छेदून जाणारा चिन्मय मिशन इस्पितळाचा रस्ता, दुतर्फा वाढलेली झाडे आणि जुन्या बंगल्यांच्या जागी उभी राहिलेली दुकाने व उपाहारगृहे, असे तिचे आजचे रूप. टपालखाते तिला ५६००३८ या क्रमांकाने ओळखते. २०११ च्या ऑक्टोबरात शहरात पहिली मेट्रो धावली तेव्हा तिच्या मोजक्या स्थानकांपैकी एकाला इंदिरानगर हेच नाव मिळाले. रिक्षावाल्याला हे नाव सांगितले की पुरे. परंतु महापालिकेची १९८ वॉर्डांची जी यादी एक तपाहून अधिक काळ प्रचारात होती, तीत इंदिरानगर नावाचा वॉर्ड शोधू गेल्यास तो सापडत नसे. होयसळनगर, जीवनबिमानगर, जोगुपाळ्या, दोमलूर अशा निरनिराळ्या वॉर्डांत या वसाहतीची घरे वाटली गेली होती.

पुढे २०२५ साली त्या एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या, त्यांच्यावर एक प्राधिकरण आले आणि वॉर्डांची संख्या साडेतीनशेच्या वर गेली. इंदिरानगरातले एकही घर जागचे हलले नाही. हलल्या त्या केवळ रेषा. आता विचार करण्याजोगा प्रश्न असा की, जुन्या रेषांच्या आत जी माहिती लिहून ठेवली होती, म्हणजे लोकसंख्या, कर, पाण्याच्या जोडण्या, दिव्यांचे खांब, ती नव्या रेषांच्या आत कशी न्यावयाची? संगणकावर नकाशे राखणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो. त्याचे उत्तर एका कळीत आहे असे पुष्कळांना वाटते. ते तसे नाही, एवढेच आज मला थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे.

संगणकावरील नकाशाची घडण आपणास नवीन नाही. गावचा नकाशा आणि सातबाराचा उतारा आठवा. नकाशात शेताची आकृती असते व तिच्या पोटात एक क्रमांक. उताऱ्यात त्याच क्रमांकापुढे खातेदाराचे नाव, क्षेत्र, आकारणी, इतर हक्क आणि पिके. आकृती एका कागदावर, तपशील दुसऱ्या कागदावर, आणि दोहोंना बांधणारा दोरा म्हणजे तो क्रमांक. १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी जमिनीच्या नोंदी संगणकावर नेल्या आणि ज्या शास्त्राला आज जीआयएस म्हणतात त्याचा पाया घातला. तेथेही मूळ कल्पना हीच होती. नकाशाच्या प्रत्येक थरामागे एक तक्ता असतो. थरातील प्रत्येक आकृतीमागे त्या तक्त्याची एक ओळ असते. आकृतीवर टिचकी मारली की तिची ओळ उघडते.

अडचण उत्पन्न होते ती नवी आकृती काढली म्हणजे. जुन्या नकाशात एखादे घर ओबडधोबड चौकोनाने दाखविलेले असते. नवे हवाई छायाचित्र येते आणि आपण त्यावरून तेच घर नीटसपणे पुन्हा रेखाटतो. आकृती सुंदर उतरते, पण तिच्यामागची ओळ कोरी असते. मालकाचे नाव, कराचा क्रमांक, मजले हे सारे त्या जुन्या, वाकड्या चौकोनाजवळच राहिलेले असते. ते तेथून उचलून येथे ठेवणे यालाच तपशिलाचे स्थानांतर म्हणावयाचे.

त्याची सर्वांत सरळ रीत म्हणजे हातोहात. आर्कमॅप या जुन्या प्रणालीत त्यासाठी स्वतंत्र हत्यारच होते. कोणता रकाना कोणत्या रकान्यात जाईल हे आधी ठरवावयाचे, मग देणाऱ्या आकृतीवर टिचकी मारावयाची आणि नंतर घेणाऱ्या आकृतीवर. क्यूजीआयएस ही प्रणाली गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केली; ती विनामूल्य असल्यामुळे आपल्याकडील अनेक कचेऱ्यांत व महाविद्यालयांत वापरली जाते. तीत निवडलेल्या आकृत्यांचे तपशील एकत्र करण्याची सोय आहे. दोन आकृत्या निवडाव्यात, कोणाची ओळ ग्राह्य धरावयाची ते सांगावे, की आकृत्या आपापल्या जागी राहतात आणि ओळी मात्र एकसारख्या होतात.

या एकसारखेपणातच मेख आहे. मी ज्या कचेरीत काही काळ होतो तेथे एका लहान शहराच्या घरांचा नकाशा तयार होत होता. एका होतकरू तरुणाने हे काम मोठ्या चपळाईने उरकले. परंतु तपशील उचलताना घराचा एकमेव क्रमांकसुद्धा त्याने सोबत उचलला. तो रकाना वगळावयाचा असतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगण्याचे काम माझे होते. परिणाम असा झाला की काही ठिकाणी दोन घरांना एकच क्रमांक पडला. एका घराला दोन बिले गेली आणि शेजारच्या घराला एकही नाही. ज्याला दोन आली तो गृहस्थ दुसऱ्याच दिवशी कचेरीत हजर झाला. ज्याला आले नाही तो अर्थातच आला नाही. म्हणून तक्रारींच्या संख्येवरून चुकांची संख्या मोजू नये, हे मी तेव्हापासून पाळत आलो आहे.

हातोहात काम शंभर घरांपर्यंत ठीक. लाख घरांना ते पुरे पडत नाही. तेथे दुसरी रीत, समान क्रमांकावरून जोडण्याची. दोन्ही तक्त्यांत जो क्रमांक एकच आहे त्याच्या आधारे संगणक एका तक्त्यातील ओळ दुसऱ्यापुढे आणून ठेवतो. पण संगणकाइतका अक्षरनिष्ठ वाचक दुसरा नाही. एका तक्त्यात ०४५ आणि दुसऱ्यात ४५ असेल, एकात आकडे देवनागरी व दुसऱ्यात रोमन असतील, किंवा क्रमांकाच्या शेवटी नकळत एक मोकळी जागा राहिली असेल, तर त्याच्या लेखी ती दोन निराळी घरे. हे दोष तरी चटकन दिसतात, कारण ओळ रिकामी राहते. खरा धोका उलट बाजूचा, म्हणजे क्रमांक जुळतो पण वस्तू जुळत नाही. बंगळुरात प्रत्येक टप्प्याला आपापला पहिला क्रॉस आणि आपापला दुसरा क्रॉस असतो. नुसत्या क्रॉसच्या क्रमांकावरून जोडणी केली तर एका टप्प्यातले घर दुसऱ्या टप्प्यात जाऊन बसते. जुन्या यादीतील ८० क्रमांकाचा वॉर्ड होयसळनगर होता, म्हणून नव्या यादीतील ८० हा तोच भाग असेल असे मानण्यास कोणताही आधार नाही. तक्ता मात्र पूर्ण भरलेला दिसतो, एकही जागा रिकामी नसते, आणि साहेब समाधानाने सही करतात.

तिसरी रीत जागेवरून जोडण्याची. क्रमांकाकडे पाहावयाचेच नाही. नवी आकृती ज्या जुन्या आकृतीवर पडते तिचा तपशील उचलावयाचा. ही रीत दिसावयास फार सोज्वळ आहे. परंतु पडते म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते. पूर्णपणे आत आहे, की नुसती छेदते, की फक्त कडेला कड लागली आहे? छेदणे या सदरात संगणक कडेचा स्पर्शही धरतो. एकमेकांना टेकून असलेल्या भूखंडांत त्यामुळे एका घराला तीनचार धनी मिळतात, आणि केवळ पहिलाच घ्या असे सांगितल्यास तो पहिला कोण हे तक्त्यातील क्रमावर ठरते. सर्वांत अधिक क्षेत्र ज्याच्यावर पडते त्याचाच तपशील घ्यावा, असा पर्याय क्यूजीआयएसमध्ये आहे, आणि घरांच्या बाबतीत बहुधा तोच शहाणपणाचा ठरतो.

बहुधा म्हणण्याचे कारण आहे. बंगळुरातील एक सर्वसाधारण भूखंड तीस फूट रुंद व चाळीस फूट खोल असतो. तीस फूट म्हणजे सुमारे नऊ मीटर. त्याच्या मध्यबिंदूपासून शेजाऱ्याची हद्द साडेचार मीटरांवर. आता जुना कागदी नकाशा संगणकावर बसविताना तो रस्त्याच्या दिशेने पाच मीटर सरकला असे समजा. पाच मीटर ही काही मोठी चूक नव्हे. खिशातला साधा मोबाइल उघड्या आकाशाखाली आपली जागा सांगताना सामान्यतः तेवढी चूक करतोच. पण त्या पाच मीटरांनी प्रत्येक घराचा मध्यबिंदू शेजाऱ्याच्या भूखंडात जातो, आणि अधिक क्षेत्रही शेजाऱ्याचेच भरते. साऱ्या आळीचे तपशील एकेक घर पुढे सरकतात. शेतांच्या नकाशात जी चूक बांधाच्या रुंदीत मावून जाते, ती शहरात माणसाचा पत्ता बदलते.

महाराष्ट्राला हा अनुभव संगणकाच्या पुष्कळ आधी आलेला आहे. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जी मोजणीची पद्धत घालून दिली, तिने शेतांना सर्व्हे नंबर दिले. पुढे पिढ्यान्‌पिढ्या पोटहिस्से पडत गेले आणि जमिनीचे तुकडे झाले. त्यावर उपाय म्हणून १९४७ चा तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा आला. गावोगाव जुने सर्व्हे नंबर व हिस्से जोडून गट पाडले गेले. आकृती नवी, क्रमांक नवा. मग नाव, क्षेत्र, आकारणी, विहिरीतला वाटा, वहिवाटीचा रस्ता हे सारे जुन्यावरून नव्यावर उतरवून घ्यावयाचे होते. म्हणजे आज क्यूजीआयएसमध्ये आपण जे करतो तेच, फक्त टाक आणि दौत घेऊन. बहुतेक ठिकाणी ते काम नेटके झाले. जेथे झाले नाही तेथे एक जण कसतो ती जमीन दुसऱ्याच्या नावे आणि दुसरा कसतो ती पहिल्याच्या, असा प्रकार झाला. मालक हयात होते तोवर दोघांनाही खरे ठाऊक होते. नातवांच्या हाती मात्र केवळ उतारा आला, आणि त्यातून भाऊबंदकी व कोर्टकज्जे उभे राहिले. जमिनीची अशी अदलाबदल होण्याची कारणे अनेक होती, हे त्यांतले एक. २०२३ च्या जानेवारीत राज्य शासनाने सलोखा योजना काढली. एकमेकांची जमीन किमान बारा वर्षे परस्परांच्या ताब्यात असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी एवढेच घ्यावे, असे तीत ठरले. एका रकान्यातील नाव चुकीच्या ओळीत गेल्यास ते परत आणण्याला किती काळ लागतो याचा अंदाज यावरून यावा.

याच संदर्भात एका निवृत्त मोजणीदारांशी माझे बोलणे झाले होते. संगणकावरचे काम पाहून ते म्हणाले, “साहेब, सगळं झकास आहे, पण तुमच्या यंत्रात कंस कुठे दिसत नाही.” त्यांचे म्हणणे मला क्षणभर उमगले नाही. सातबाऱ्यावर नाव कमी करावयाचे झाले तर ते खोडून नाहीसे करीत नसत. त्याला कंस करीत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक घालीत. फेरफाराच्या नोंदवहीत पाहिले की कोणी, कधी, कशाच्या आधारे बदल केला ते कळे. संगणकात मात्र नवी किंमत जुनीवर चढते आणि जुनी निमूटपणे नाहीशी होते. त्या दिवसापासून आम्ही आमच्या तक्त्यात तीन रकाने वाढविले: तपशील कोणत्या आकृतीवरून आणला, कोणत्या रीतीने आणला आणि कोणत्या तारखेस. जुना थर वेगळ्या नावाने जपून ठेवावयाचा, हेही ठरविले.

शेपफाइल या प्रचलित साठवणीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तीत रकान्याचे नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही. त्यामुळे लांब नावे कापली जातात आणि दोन रकाने ओळखू येईनासे होतात. मजकुराच्या रकान्यास २५४ बाइटांची मर्यादा आहे. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खाते. म्हणजे चौऱ्याऐंशी चिन्हांत आपला पत्ता संपवावा लागतो. मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी नवीन साठवण वापरणे बरे.

आता वॉर्डांकडे परत येऊ. घर अखंड एका वॉर्डातून दुसऱ्यात जाते. वॉर्ड मात्र तुटतो. तुटताना त्याच्या तपशिलाचे काय करावयाचे हे तपशिलाच्या जातीवर अवलंबून आहे. वॉर्डाचे जुने नाव दोन्ही तुकड्यांना देता येईल. पण त्याची लोकसंख्या तीस हजार असेल आणि तीही दोन्हींना दिली, तर कागदावर साठ हजार माणसे होतात. क्षेत्राच्या प्रमाणात वाटावी, तर हलसूरच्या तलावावर आणि लष्कराच्या मोकळ्या मैदानावरही माणसे राहतात असे मानावे लागते. साक्षरतेच्या टक्केवारीची तर वाटणीही करता येत नाही आणि बेरीजही; साक्षर व एकूण माणसे वेगळी मोजून ती नव्याने काढावी लागते. तुकडा पडताना मूल्याची नक्कल करावी, प्रमाणात वाटावे की रकाना रिकामा ठेवावा, हे प्रत्येक रकान्यापुरते आधीच ठरवून ठेवण्याची सोय आता दोन्ही प्रमुख प्रणालींत आहे. फार थोडे लोक ती वापरतात. २०११ ची जनगणना १९८ वॉर्डांच्या हिशेबाने झाली होती. तिचे आकडे नव्या वॉर्डांत उतरविणाऱ्या प्रत्येकाला हा निर्णय घ्यावाच लागतो, मग तो जाणून घेवो वा न जाणता.

काम झाल्यावर आम्ही तीन गोष्टी पाहतो. स्थानांतरापूर्वी जितक्या ओळी होत्या तितक्याच नंतर आहेत काय? एकमेव असावयास हवा तो क्रमांक कोठे दोनदा आला आहे काय? आणि ज्या रकान्यांची बेरीज करता येते त्यांची बेरीज आधीइतकीच भरते काय? हे तिन्ही संगणक सांगतो. परंतु साऱ्या आळीचे तपशील एकेक घर सरकले असतील, तर ओळी तितक्याच राहतात, क्रमांकही एकमेव राहतात आणि बेरीजही अचूक जुळते. यासाठी चौथी गोष्ट करावी लागते. दहा घरे चिठ्ठ्या टाकून निवडावयाची, त्यांची यादी हाती घेऊन बाराव्या मेन रस्त्याने चालत जावयाचे, आणि प्रत्येक फाटकावरची पाटी वाचावयाची.