‘हादरून गेलो’ असं लिहिल्यानंतर पुढे काय?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी एका सेमिनारमध्ये मी नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’वर (१९७२) पेपर वाचला. विदारक, दाहक, अंगावर काटा आणणारं अशी विशेषणं त्यात पानोपानी होती. पेपर संपल्यावर एका मैत्रिणीनं विचारलं, “तू ‘त्यांचं दुःख’, ‘त्यांचं जगणं’ म्हणत होतास. हे ‘ते’ कोण? मी इथंच बसलेय की.”

मला उत्तर देता आलं नाही. पण माझ्या संशोधनाचा प्रश्न मला तिथं मिळाला: आघाताची कविता वाचणाऱ्यानं कुठं उभं राहायचं?

आपण साधारण दोन ठिकाणी घसरतो. एक म्हणजे कवितेचा नुसता पुरावा करतो. कामाठीपुऱ्याची परिस्थिती सांगायची आणि खाली चार ओळी डकवायच्या. मग कविता वाचली कुठे? दुसरं म्हणजे कवीच्या जागी जाऊन बसतो आणि ‘ही वेदना मीच भोगली’ असं लिहून मोकळे होतो. इतिहासकार डॉमिनिक लाकाप्रा यांनी इथं एक उपयोगी फरक केलाय. सोसणाऱ्याबद्दल आतून हलणं वेगळं आणि त्याची जागा घेणं वेगळं. वाचकानं हलावं, पण ती जागा आपली नाही हे विसरू नये.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? उदाहरण ‘गोलपिठा’तच आहे. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. एवढे मोठे लेखक, पण या कवितांमधले कितीतरी शब्द आपल्याला कळले नाहीत हे त्यांनी तिथं उघड मान्य केलं आणि ढसाळांकडून ते समजून घेतले. हे जग आपलं नाही, ही कबुली देऊनच त्यांनी वाचनाला सुरुवात केली. माझ्या पेपरात नेमकी हीच कबुली नव्हती.

आता मी वहीत तीन रकाने आखतो. पहिल्यात न कळलेले शब्द. दुसऱ्यात मी कुठं थांबलो, कुठं घाईनं पान उलटलं. तिसऱ्यात त्या जागी भाषा काय करतेय: शिवी आहे, थट्टा आहे, की लय मोडलीय? दुसरा रकाना माझ्याबद्दल असतो, तिसरा कवितेबद्दल. प्रबंधात जातो तो मुख्यतः तिसरा, पण दुसरा प्रामाणिकपणे भरल्याशिवाय तो भरतच नाही.

तिसऱ्या रकान्यात मला ‘दुःख’ फार थोडं सापडलं. संताप, टिंगल, माज, माया हे सगळं भरपूर होतं. तगून राहिलेल्या माणसाची भाषा नुसती कण्हत नाही. आपल्या टिपणांत फक्त कण्हणंच आलं असेल, तर कविता अर्धीच वाचलीय असं समजा.

तो पेपर मी पुन्हा लिहिला. पहिल्यांदा ‘ते’ काढला, मग विशेषणं. निम्मा पेपर गेला. उरला तो मैत्रिणीला वाचायला दिलाय.