शर्यत सोडणारा पळपुटा असतो का?

मंडळी, आपल्या भाषेत पायांनी वेगानं जायला दोन क्रियापदं आहेत. धावणं आणि पळणं. मदतीला माणूस धावून येतो, आणि संकट आलं की पळून जातो. 'मदतीला पळून आला' असं कोणी म्हणत नाही. गावाकडची पोरं मात्र सकाळी 'पळायला' जातात, 'धावायला' गेलो असं ती फक्त निबंधात लिहितात. 'पळपुटा' हा शब्दही याच पळण्यातून आलेला. आता गंमत बघा. शर्यतीत जो पळत नाही, ऐन वेळी नाव मागं घेतो, त्यालाच आपण पळपुटा म्हणतो! शब्दांचा हा गुंता मला जरा सोडवायचा आहे.

प्रश्न साधा आहे. दुखापत झालेली असताना, किंवा ती होईल अशी चिन्हं दिसत असताना, शर्यत सोडणं हे भित्रेपण की शहाणपण? तळेगाव ढमढेऱ्यात हा प्रश्न हौसेचा नाही. पहाटे न्हावरा रस्त्याला निघालेली मुलं-मुली तुम्ही रोज पाहता. ती वजन कमी करायला पळत नाहीत, भरतीसाठी पळतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण एकट्या लांब पळण्याला आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. हे ध्यानात ठेवून पुढचं ऐका.

आधी आपल्याच माणसाचं उदाहरण घेऊ. आपला नगर रस्ता धरून नगरच्या पलीकडे गेलं की बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका लागतो. तिथल्या मांडव्याचा अविनाश साबळे. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, आणि मग ३००० मीटर स्टीपलचेस पळू लागला. स्टीपलचेस म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची जकार्ताची आशियाई स्पर्धा हुकली. तेवीस वर्षांच्या मुलाला हे केवढं लागलं असेल! त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला तो ८ मिनिटं २९.८० सेकंदांत पळाला आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढं २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये राष्ट्रकुलचं रौप्य, २०२३ ला हांगझोऊमध्ये आशियाई सुवर्ण. मग जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडला. गुडघ्यातला अस्थिबंध आणि कूर्चा दुखावली, शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरातली टोकियोची जागतिक स्पर्धा त्याच्याविना झाली. त्याला पळपुटा म्हणायची कोणाची छाती आहे?

नाही म्हणणार. पण का नाही? पदकं आहेत म्हणून? मग ज्याच्याकडं पदक नाही, त्याचं काय?

इथं मी माझ्या विषयाकडं वळतो, कारण चाळीस वर्षं तेच शिकवलं. प्लेटोचा 'लाखेस' नावाचा एक छोटा संवाद आहे. दोन बाप आपल्या मुलांच्या शिक्षणाची चिंता घेऊन येतात. मुलांना शस्त्रं घेऊन लढायला शिकवावं का, एवढाच त्यांचा प्रश्न. सॉक्रेटिस तो धैर्य म्हणजे काय या प्रश्नावर नेतो. लाखेस हा सेनापती, रांगडा माणूस. तो म्हणतो, सोपं आहे, जो आपली जागा सोडत नाही, पळत नाही, तो शूर. सॉक्रेटिस विचारतो, मग सिथियन घोडेस्वारांचं काय? ते मागं हटता हटताच लढतात. आणि प्लाटियाच्या लढाईतले स्पार्टाचे लोक? तेही आधी मागं हटले, शत्रूची फळी विस्कटली, मग उलटून त्यांनी लढाई जिंकली. लाखेस निरुत्तर होतो.

आपल्याला हे कळायला ग्रीसला जावं लागत नाही म्हणा. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले, स्वतःकडं १२ ठेवले. पाच वर्षांनी, १६७० मध्ये, सिंहगडापासून ते परत घ्यायला सुरुवात झाली. तह केला म्हणून महाराज भ्याले असं या मातीत कोणी म्हणत नाही. मग पायाला सूज आलेल्या पोराला आपण का म्हणतो?

त्याचं एक कारण मला दिसतं. न पळण्याचं चित्र निघत नाही. डेरेक रेडमंड नावाचा ब्रिटिश धावपटू तुम्ही मोबाईलवर नक्की पाहिला असेल. १९९२, बार्सिलोना ऑलिंपिक, ४०० मीटरची उपांत्य फेरी. मांडीमागचा स्नायू फाटला, तो लंगडत निघाला, वडील मैदानात घुसले आणि बाप-लेक खांद्याला खांदा लावून रडत शेवटच्या रेषेपर्यंत गेले. डोळ्यांत पाणी येतं, माझ्याही येतं. पण हाच रेडमंड १९८८ च्या सोल ऑलिंपिकला गेला होता. टाचेच्या वरची शीर, अकिलीस, दुखावलेली. पहिल्या फेरीला काही क्षण उरले असताना त्यानं नाव मागं घेतलं. त्याचा व्हिडिओ कोणी फिरवत नाही. आणि १९९१ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या ज्या चौघांनी अमेरिकेला हरवून ४ गुणिले ४०० मीटर रिलेचं सुवर्ण जिंकलं, त्यांत तो होता. मला विचाराल तर बार्सिलोनाइतकंच धैर्य सोलमध्ये लागलं असणार. बार्सिलोनात पाय आधीच गेला होता, निवडायला फार काही उरलंच नव्हतं. सोलमध्ये निवडायचं होतं.

आता शरीराकडं येऊ. मी डॉक्टर नाही, माझी डॉक्टरी तत्त्वज्ञानातली, तिनं ताप उतरत नाही. पण एवढं समजून घेतलंय. हाड म्हणजे दगड नव्हे. ताण पडला की शरीर आधी हाडाचा जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथं नवं, जास्त मजबूत हाड भरतं. घराची जुनी भिंत पाडून नवी बांधतो, तसं. पाडणं लवकर होतं, बांधायला आठवडे लागतात. मधल्या काळात भिंत कच्ची असते. नेमकं तेव्हाच आपण अंतर दुप्पट करतो, कारण भरतीची तारीख लागलेली असते. मग बारीक चीर पडते. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरनं कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांची नोंद केली, ती हीच दुखापत. तेव्हा एक्स-रे नव्हता, तो १८९५ चा. आणि आजही पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून उद्या मैदानात, असं करू नये ते यासाठी.

अशी चीर साधारण सहा ते आठ आठवडे पळणं बंद ठेवलं तर भरून येते. तिच्यावर पळत राहिलं तर हाड पुरतं मोडू शकतं, आणि मग महिन्यांचा हिशोब. गोळी खाऊन पळणारे भेटतात. गोळी दुखणं झाकते, चीर बुजवत नाही. शिवाय उन्हात, पाणी कमी पडलेल्या अंगात अशा वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात. आणि 'थांबलो तर दम जाईल' ही भीती? दहा-बारा दिवसांत दम फारसा घटत नाही. पुढं घटतो, पण सायकल, पोहणं चालू ठेवलं तर बराचसा टिकतो.

हे सगळं साबळेला लागू, तसंच आपल्या पोरालाही. पण दोघांचा निर्णय सारखा नाही, आणि इथं मला शहरातल्या आरोग्य-सल्लागारांशी भांडायचं आहे. पुण्यातला हौशी धावपटू डिसेंबरची मॅरेथॉन चुकवतो, त्याचं काय जातं? नोंदणीचे पैसे आणि एक टी-शर्ट. ज्याची वयोमर्यादा या वर्षी संपते, ज्याच्या घरी दोन एकर जिरायत आहे, त्याला 'पुढच्या वेळी बघ' म्हणणं फार स्वस्त आहे. ॲरिस्टॉटलनं दोन टोकांमधला मध्य गाठायला सांगितलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हा मध्य अंकगणितातला नव्हे, असंही त्यानं लगेच सांगितलंय. दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडं, म्हणून उस्तादानं सगळ्यांनाच सहा माप वाढायचं नसतं. मायलो पैलवानाला तेवढं कमी पडेल, नव्याला जास्त होईल. आणि पळण्याचं, कुस्तीचंही तसंच, असं तो तिथंच म्हणतो.

तेव्हा भरतीच्या मुलानं स्नायू थोडा ओढलेला असताना, पूर्ण विचार करून, चाचणी दिली तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. हाडात चीर असताना दिली, तर हिशोबच चुकला. कारण नोकरी मिळाली तरी पुढं प्रशिक्षण आहे, आणि तिथं रोज पळायचंय.

उलटी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर आळशांना पदवी वाटतायत. दुखापत ही फार सोयीची सबब असते. हरायची भीती पायात उतरते आणि खरंच दुखायला लागतं, यात ढोंग असतंच असं नाही. ओळखायचं कसं? थांबलेला माणूस पुढं काय करतो ते बघा. तपासायला जातो का, व्यायाम करतो का, की दुखणंच सांगत बसतो?

एक चिठ्ठी आली आहे. एक आई विचारतात, लेकीची ८०० मीटरची चाचणी तीन आठवड्यांवर आहे, नडगी दुखते, काय करू? ताई, आधी तिला कुठं दुखतं ते बोटानं दाखवायला सांगा. नडगीच्या कडेनं लांब पट्ट्यात दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर पळणं निम्म्यावर आणा, डांबरी रस्ता सोडून मातीवर पळू द्या. एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल, तर पळणं आजच बंद आणि उद्या हाडांच्या डॉक्टरांकडं. एक्स-रेत काही दिसलं नाही तरी दुखणं टिकून असेल तर एमआरआयचं विचारा. तोवर, डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर सायकल चालवू दे, लेखीचा अभ्यास तर बसूनच होतो. चीर निघाली तर त्या तारखेला मैदानावर जायचं नाही. आणि शेजारी विचारतील, तेव्हा उत्तर तिला द्यायला लावू नका. तुम्हीच द्या.