शिकवणाऱ्या सर्जनला गुण कोण देणार? निवासी डॉक्टरांच्या ‘फीडबॅक’चं गणित

हैदराबाद : देगलूर, धर्माबाद, किनवट भागात मोठं ऑपरेशन निघालं की नांदेडनंतर अनेक जण हैदराबाद गाठतात. तिथल्या उस्मानिया किंवा गांधी रुग्णालयात पेशंटजवळ रात्रंदिवस दिसतात ते निवासी डॉक्टर. एमबीबीएस झालेली ही मंडळी तीन वर्षांचं एमएस करत असतात. ऑल इंडिया कोट्यातून महाराष्ट्रातली पोरंही तिथं जातात.

सर्जरी नुसत्या पुस्तकातून येत नाही. आधी बघायचं, मग मदतीला उभं राहायचं, मग सरांच्या नजरेखाली स्वतः करायचं. त्यामुळे सर कसं शिकवतात, हे शिकणाऱ्यालाच नीट सांगता येतं. म्हणूनच ‘फीडबॅक’ घेतात.

काय विचारतात?

ऑपरेशनआधी सरांनी पायऱ्या समजावल्या का? झेपेल तेवढं काम हातात दिलं का? चुकल्यावर नेमकं काय सुधारायचं ते सांगितलं, की सगळ्यांसमोर नुसतं झापलं? अडचणीच्या वेळी सर ओटीत होते का? अशा प्रश्नांना बहुधा १ ते ५ गुण द्यायचे असतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड पद्धतीवर बेतलेल्या एका प्रसिद्ध अर्जात ७ मुद्द्यांवर २६ प्रश्न आहेत.

घोडं कुठं अडतं?

ज्या सरांना गुण द्यायचे, तेच बऱ्याचदा प्रबंधाचे गाईड. लॉगबुकवर सही त्यांची. परीक्षेत अंतर्गत परीक्षकही तेच असू शकतात. त्यात युनिटमध्ये एका वर्षाचे निवासी डॉक्टर मोजकेच. नाव लपवलं तरी ‘हे कोणी लिहिलं’ ते लगेच कळतं. मग सगळेच ५ पैकी ५ देऊन मोकळे होतात. कागद भरतो, बदलत काहीच नाही.

मार्ग काय?

अमेरिकेत निवासी डॉक्टरांकडून शिक्षकांचं निनावी मूल्यमापन घेणं बंधनकारक आहे. लहान युनिटमध्ये मात्र दोन-तीन बॅचची उत्तरं एकत्र करूनच सरांपर्यंत पोहोचवावी लागतात. अर्ज विभागाबाहेरच्या व्यक्तीनं गोळा केलेले बरे. निकालानंतर बाहेर पडलेल्यांनाही विचारावं, त्यांना सहीची भीती नसते.

दुसरी बाजूही आहे. कडक सरांना कमी आणि गोड बोलणाऱ्यांना जास्त गुण मिळू शकतात. म्हणून ‘सर आवडतात का?’ असं न विचारता ‘सरांनी काय केलं?’ असं विचारायचं. सोबत लॉगबुकही बघायचं. तीन वर्षांत हर्नियाची किती ऑपरेशनं नुसती पाहिली आणि किती देखरेखीखाली स्वतः केली, हे त्यात कळतं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक निवासी डॉक्टरला ३ महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. पुढं यातलेच काही जण तालुक्याच्या गावी दवाखाना टाकतात. तिथं अपेंडिक्स फुटलेला पेशंट रात्री दोनला आला, तर शेजारी सर नसतात. शिकताना जे राहून गेलं आणि भीतीपोटी सांगितलं गेलं नाही, त्याची किंमत तिथं पेशंट मोजतो.