प्राणवायूच्या पेटीत शिरण्यापूर्वी प्रश्न विचारा!

"साईड इफेक्ट काहीच नाहीत. शेवटी ऑक्सिजनच तर आहे!"

हे वाक्य आम्हाला सोयगावच्या आबांनी ऐकवले. आबा चळवळीतले जुने कार्यकर्ते, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेले. वेचणी आटोपल्यावर पऱ्हाट्या उपटताना त्यांच्या तळपायात खुंट घुसला. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेली. दुखले नाही म्हणून कळले नाही. कळले तेव्हा जखम चिघळली होती. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात त्यांना 'हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी'ची ३० सिटिंग सांगितली. कारभारणीच्या गळ्यातली पोत विकायची तयारी झाली. पोराने धोका काय म्हणून विचारले, तेव्हा वरचे उत्तर मिळाले.

हे उत्तर खोटे आहे. ज्या उपचाराला परिणाम आहे, त्याला दुष्परिणामही असतोच. आम्ही या उपचाराचे विरोधक नाही. पण ज्याच्या शरीरावर उपचार होणार, त्याला पूर्ण माहिती मिळाली पाहिजे, हे आमचे म्हणणे आहे.

आधी ही थेरपी म्हणजे काय ते समजून घेऊ. रुग्णाला बंद पेटीत झोपवतात किंवा बसवतात. आतला दाब नेहमीच्या हवेच्या दोन ते अडीच पट करतात आणि शुद्ध ऑक्सिजन देतात. एक सिटिंग साधारण दीड ते दोन तासांचे असते. एरवी ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम रक्तातल्या तांबड्या पेशी करतात. दाब वाढला की तो रक्ताच्या पाण्यासारख्या भागातही जास्त विरघळतो आणि जिथे रक्तपुरवठा अपुरा आहे अशा जखमेपर्यंत पोहोचू शकतो. खोल समुद्रातून झटकन वर आलेले पाणबुडे, धुराच्या विषारी वायूने गुदमरलेले, गॅस गँगरीन झालेले अशा रुग्णांसाठी हा उपचार मोलाचा आहे.

आता दुष्परिणाम पाहू. अडीच पट दाब म्हणजे विहिरीत सुमारे ५० फूट पाण्याखाली जाण्यासारखे. विहिरीत सूर मारणाऱ्या पोरांना विचारा, खोल गेल्यावर कानात काय होते! कानाच्या पडद्याला इजा होणे हा या उपचाराचा सर्वाधिक आढळणारा त्रास आहे. दाब वाढताना आवंढा गिळायचा, जांभई द्यायची, नाक दाबून हलकेच फुंकायचे. आणि दुखू लागले तर लगेच सांगायचे, लाजायचे नाही. सायनस भरलेले असेल तर तेही ठणकते. अनेक सिटिंगनंतर काहींना लांबचे धूसर दिसू लागते. ते बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होते, म्हणून तेवढ्यात नवा चष्मा करण्याची घाई करू नये. बंद पेटीत काहींचा जीव घाबरा होतो.

दाबाखालचा ऑक्सिजन मेंदूला झटका आणू शकतो, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ सालीच दाखवले होते. आज काही हजार सिटिंगमागे एखाद्यालाच असा झटका येतो. त्यासाठीच मध्ये मध्ये काही मिनिटे साधी हवा देतात. ही विश्रांती वेळ वाचवायला वगळायची गोष्ट नव्हे.

छातीचा प्रश्न आमच्या वस्त्यांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. फुप्फुसाबाहेर हवा साचली असेल आणि तिच्यावर इलाज झालेला नसेल, तर पेटीत जाणे जिवावर बेतू शकते. जुन्या क्षयाने किंवा दम्याने खराब झालेल्या फुप्फुसात हवा अडकून राहू शकते. दाब उतरताना ती फुगते आणि फुप्फुस फाटण्याचा धोका असतो. ज्या समाजात घरटी कुणाला तरी टीबी होऊन गेलेला असतो, तिथे छातीचा एक्स-रे न पाहता कुणालाही पेटीत घालणे हा अपराध आहे. फिट्स येतात का, पेसमेकर आहे का, कर्करोगासाठी ब्लिओमायसिनसारखे औषध घेतले होते का, हेही आधी विचारलेच पाहिजे.

मधुमेही माणसाची आणखी एक गोष्ट. पेटीत असताना रक्तातली साखर उतरू शकते. उपाशीपोटी इन्सुलिन घेऊन पहाटेची एसटी पकडून आलेला आमचा माणूस आत बेशुद्ध पडला, तर? दाब उतरवायला वेळ लागतो, दार झटकन उघडता येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी आत जाण्यापूर्वी साखर तपासणे आवश्यक आहे.

सर्वांत भयंकर धोका आगीचा. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या प्रत्येक वस्तूला तो राक्षसी बळ देतो. १९२३ ते १९९६ या काळात जगभरातल्या अशा ३५ आगींत ७७ माणसे मेल्याची नोंद आहे. ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी इटलीतल्या मिलान शहरात एका रुग्णालयाच्या पेटीत ११ जण गेले. एका रुग्णासोबत आत गेलेले हात शेकण्याचे छोटे उपकरण आगीचे कारण ठरले. आग विझवण्याची यंत्रणा होती, पण तीत पाणीच नव्हते! ३१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात पाच वर्षांचे मूल अशाच पेटीत जळून गेले. त्या प्रकरणी मार्चमध्ये चौघांवर गुन्हे दाखल झाले. स्थिर विजेची ठिणगी टाळण्यासाठी रुग्णाच्या मनगटाला जमिनीशी जोडणारा पट्टा बांधतात, तो बांधलाच नव्हता, असा सरकारी पक्षाचा आरोप आहे.

म्हणून आत जाताना नायलॉनची साडी नको, टेरीकॉटचा सदरा नको. दवाखान्याने दिलेले निव्वळ सुती कपडे हवेत. डोक्याला तेल नको, अंगाला बाम किंवा व्हॅसलिन नको. मोबाईल, घड्याळ, कानाचे यंत्र, विडी-काडीपेटी सगळे बाहेर. आमचा सोयगाव तालुका कापूस पिकवतो, आणि कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर मात्र पॉलिस्टर असते! त्या माणसाला सुती कपड्याचे कारण समजावून सांगणे हे दवाखान्याचे काम आहे.

कुणी म्हणेल, मिलान आणि मिशिगन दूर आहेत. मग आपल्या महाराष्ट्रात या. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, १० बाळे गेली. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळाला, पुरवठा खंडित झाला आणि २० हून अधिक रुग्ण तडफडून मेले. या घटना वेगळ्या प्रकारच्या आहेत, पण धडा एकच आहे. यंत्र आणल्याने सुरक्षितता येत नाही. ती रोजच्या तपासणीने, शिकलेल्या कर्मचाऱ्याने आणि जाब विचारणाऱ्या समाजाने येते.

आता आबांच्या पायाचा प्रश्न. या थेरपीने मधुमेहाची जखम बरी होते काय? संशोधन एका सुरात बोलत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात वर्षभराने थेरपी घेतलेल्यांपैकी ५२ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी २९ टक्के लोकांची जखम पूर्ण भरली. २०१८ च्या नेदरलँड्समधील १२० रुग्णांच्या अभ्यासात मात्र पाय वाचण्यात ठोस फरक दिसला नाही. शिवाय थेरपी ठरलेल्या ६० पैकी ३९ जणांनाच ती पूर्ण करता आली. म्हणजे निवडक रुग्णांना उपयोग होऊ शकतो, पण साखर आटोक्यात आणणे, मेलेले मांस काढणे, पायावरचा भार कमी करणे, रक्तवाहिन्या तपासणे ही कामे आधीची. ती न करता थेट पेटी दाखवणे म्हणजे पाया न खणता कळस चढवणे होय.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, दमा अशा आजारांवरही ही थेरपी विकली जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्येच अशा दाव्यांना भुलू नका, असे बजावले. लेकराच्या आशेने आलेल्या आईबापांना लुटणारा बुवा असो की मशीनवाला, आमच्या लेखी दोघे सारखेच.

बाबासाहेबांना मधुमेहाने अखेरची कित्येक वर्षे छळले. पायांच्या वेदना सोसत त्यांनी आपल्यासाठी लिहिले. प्रश्न विचारण्याची सवय हा त्यांचा आपल्याला मिळालेला वारसा आहे. तो दवाखान्याच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायचा नसतो. कायदाही आपल्या बाजूने आहे. उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय सांगूनच रुग्णाची संमती घेतली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा विचारा: माझ्या आजारावर ही थेरपी मान्य आहे काय? छाती, कान, साखर तपासली काय? सिटिंग चालू असताना प्रशिक्षित डॉक्टर हजर असतो काय? आग लागली तर काय करता? एकूण खर्च किती, आणि सरकारी योजनेत किती बसतो? उत्तरे मिळाल्यावरच सही करा किंवा अंगठा द्या.

आबांच्या पोराने हे प्रश्न कागदावर लिहून नेले. समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत. अजिंठ्याचा घाट चढून ते आबांना सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. एक बोट गेले, पाय राहिला, पोतही राहिली. यावरून ती थेरपी वाईट ठरत नाही. दुसऱ्या कुणाला तिची खरेच गरज असेल. पण 'शेवटी ऑक्सिजनच तर आहे' एवढ्या उत्तरावर आमचा माणूस पेटीत जाऊ नये, एवढी जागृती वस्तीवस्तीत झालीच पाहिजे.