विश्लेषण : चालता संगणक तापून बंद का पडतो? घरच्या घरी त्याची सफाई कशी करावी?

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात संगणक बिघडला, तर तो दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर मिळत नाही. मोखाडा तालुक्यातील पोशेरासारख्या गावात डेस्कटॉप उचलून तालुक्याला न्यायचा, तर गाडीभाडे आणि किमान एक दिवस जातो. अनेकदा यंत्रात बिघाड नसतोच. आत साचलेल्या धुळीमुळे ते तापलेले असते. ही सफाई घरी करता येते का, आणि कोणत्या भागाला हात लावू नये, याविषयी...

गावातल्या एका संगणकावर काय अवलंबून असते?

राज्यातील ग्रामपंचायतींमध्ये २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे संगणक आले. २०१६ नंतर त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. आता दाखले, उतारे, योजनांचे अर्ज, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती ही कामे संगणकाशिवाय पुढे सरकत नाहीत. शहरात एक यंत्र बंद पडले तर शेजारचे दुकान असते. गावात मात्र अर्जाच्या शेवटच्या दिवशी संगणक बंद पडला, तर पालकाला तालुक्याची फेरी पडते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. घरात अभ्यासासाठी किंवा छोट्या व्यवसायासाठी जुना डेस्कटॉप घेतलेल्या कुटुंबांचीही हीच अडचण असते.

संगणक मुळात तापतो का?

प्रोसेसर जितकी वीज घेतो, तितकी जवळपास सगळी शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. साध्या डेस्कटॉपचा प्रोसेसर जोरात काम करताना ६५ वॉटच्या आसपास वीज घेऊ शकतो. म्हणजे जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या चिपमधून निघते. ती ओढून घेण्यासाठी चिपवर धातूच्या पातळ पात्यांचा ‘हीटसिंक’ बसवलेला असतो आणि त्यावर पंखा. चिप आणि हीटसिंक यांच्यातील बारीक फटी भरून काढण्यासाठी ‘थर्मल पेस्ट’चा पातळ थर असतो. पंखा पात्यांमधून हवा ढकलतो आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते.

हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्या सगळ्या तापत. पुण्याच्या ‘आयसर’मधील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी द्रवाचा वापर होतो. घरच्या डेस्कटॉपला यातले काही लागत नाही. त्याला फक्त हवेची मोकळी वाट लागते.

धुळीने नेमके काय होते?

हीटसिंकच्या पात्यांमधील फट जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असते. पंखा हवेबरोबर धूळही ओढतो. काही महिन्यांत पात्यांवर करड्या लोकरीसारखा थर बसतो आणि हवा आत शिरेनाशी होते. मग पंखा अधिक वेगाने फिरू लागतो आणि घरघर वाढते. तरीही तापमान उतरले नाही, तर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. यालाच लोक ‘हँग होतो’ म्हणतात, आणि विषाणू शिरला असे समजून सॉफ्टवेअर पुन्हा टाकून घेतात. बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा साधारण ९५ ते १०० अंश सेल्सियस असते. तापमान त्यापलीकडे जाऊ लागले, की जळून जाऊ नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होते.

जव्हार-मोखाड्याच्या भागात धूळही अनेक प्रकारची असते. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांची माती उडते. भात, नागली, वरईच्या झोडणी-मळणीच्या दिवसांत बारीक कोंडा आणि तूस घरभर होते. चुलीच्या धुरातली काजळी तेलकट असते. ती पंख्याच्या पात्यांना चिकटते आणि तिच्यावर उरलेली धूळ बसते. पावसाळ्यात हाच थर दमट हवेतला ओलावा धरून ठेवतो. ओलसर धूळ सर्किटवर बसली, की धातूच्या जोडांना गंज चढतो आणि बारीक शॉर्टसर्किटचा धोका वाढतो.

दोष उष्णतेचा की विजेचा, हे कसे ओळखावे?

गावात कमी-जास्त दाबाची वीज हेही संगणक बंद पडण्याचे मोठे कारण आहे. त्यामुळे आधी निदान करावे. शेजारची पाण्याची मोटार किंवा मिक्सर सुरू होताच संगणक बंद पडत असेल, तर संशय विजेच्या दाबावर किंवा यूपीएसच्या बॅटरीवर घ्यावा. सुरू केल्यावर दहा-वीस मिनिटांनी, विशेषतः जड काम चालू असताना बंद पडत असेल आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा नीट सुरू होत असेल, तर उष्णतेची शक्यता जास्त.

बहुतेक संगणकांच्या ‘बायोस’मध्ये प्रोसेसरचे तापमान दिसते. काम नसताना ते साधारण ३५ ते ५० अंश असेल तर चिंता नाही. जोरात काम करताना ८० पर्यंत गेले तरी चालते. काहीच काम नसताना ७०-८० दिसत असेल, तर सफाई लांबवू नये. मात्र खोलीतली हवाच ३८ अंशांची असेल, तर कोणताही पंखा प्रोसेसरला त्याहून थंड करू शकत नाही. उन्हाळ्यात आकडे वाढलेले दिसतात ते यामुळेच.

सफाई कशी करावी?

साहित्य थोडेच लागते : एक पेचकस, रंगकामाचा कोरा मऊ ब्रश, सुती कापड आणि हाताने दाबायचा रबरी ब्लोअर.

१. संगणक नेहमीच्या पद्धतीने बंद करावा. मग भिंतीतला प्लग काढावा. यूपीएस असेल तर तोही बंद करून वायर काढावी, कारण प्लग काढल्यावरही बॅटरीतून वीज येत राहते. त्यानंतर सुरू करायचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे.

२. वायरी काढण्यापूर्वी मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो घ्यावा. जोडताना तोच उपयोगी पडतो.

३. कॅबिनेट ओटीवर किंवा अंगणात कोरड्या जागी न्यावे आणि नाकातोंडावर रुमाल बांधावा. बाजूचे झाकण उघडल्यावर कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

४. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत आणि मगच ब्रश फिरवावा किंवा हवा मारावी. हवेच्या झोताने पंखा गरगर फिरला, तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

५. धूळ वरून खाली आणि आतून बाहेर काढावी. हीटसिंकच्या पात्यांकडे सर्वात जास्त लक्ष द्यावे. पुढच्या जाळीवरची आणि मागच्या पंख्यावरची धूळही काढावी.

६. पंख्याला चिकटलेली काजळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसावी आणि पूर्ण सुकू द्यावी.

झाकण लावण्यापूर्वी एखादी सैल वायर पंख्यात अडकत नाही ना, हे पाहावे. रॅमची पट्टी सैल झाली असेल, तर संगणक सुरू होताना बीप वाजू शकतो. अशा वेळी वीज पुन्हा काढून पट्टी दोन्ही बाजूंनी नीट दाबून बसवावी.

काय करू नये?

ओले फडके आत फिरवू नये. घरसफाईच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी मदरबोर्डला टेकवू नये, कारण त्यातून स्थिर वीज तयार होते. वायर जिथे जोडतात ती पत्र्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठलेली असू शकते. तिच्या जाळीवरची धूळ बाहेरूनच झटकावी. आतून जळका वास येत असेल, तर ते काम कारागिराचेच.

थर्मल पेस्ट दर सफाईला बदलायची गरज नसते. यंत्र बरीच वर्षे जुने असेल आणि स्वच्छ करूनही तापत असेल, तरच हीटसिंक काढावा. तो जोराने ओढला, तर काही जातींच्या प्रोसेसरमध्ये चिपच त्याला चिकटून उपटून येते आणि पिना वाकतात. आधी काही मिनिटे संगणक चालवून पेस्ट कोमट करावी, मग तो बंद करून प्लग काढावा आणि हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याच्या छोट्या दाण्याएवढी नवी लावली की पुरते. हात सरावलेला नसेल, तर एवढे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

रोजच्या वापरात काय पाळावे?

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. केर काढताना उडणारी सगळी धूळ ते ओढून घेते. पाट किंवा स्टूल चालेल. मागची बाजू भिंतीपासून किमान वीतभर दूर असावी. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेला संगणक स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत घेतो. चूल आणि देवघरातील धूप-अगरबत्ती यांच्यापासूनही तो लांब असावा. कापडी आच्छादन चांगले, पण संगणक बंद होऊन थंड झाल्यावरच घालावे. झाकण उघडे ठेवून समोर टेबल फॅन लावणे हा एखाद्या दिवसाचा उपाय झाला. कायम तसे ठेवले, तर धुळीबरोबर पाली आणि झुरळेही आत शिरतात.

वर्षातून दोनदा सफाई पुरते, मात्र वेळ नेमकी हवी. पहिली मेअखेर, पावसाची पहिली सर येण्यापूर्वी, म्हणजे उन्हाळ्यातली धूळ ओली होण्याआधीच निघून जाते. दुसरी मळणी उरकल्यावर. पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवावा, त्याच्याच उष्णतेने आतला ओलावा कमी होतो. विजा कडाडत असतील, तर मात्र बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढावा. तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग असणेही आवश्यक आहे. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर सफाईच्या आधी वायरमनला बोलवावे.